धावपट्टीखालची खाडी

गेल्या २५ डिसेंबरच्या सकाळी बंगळूरहून आलेले विमान नवी मुंबईच्या धावपट्टीवर उतरले आणि मुंबई महानगराला दुसरा विमानतळ मिळाला. १९९७ साली या जागेचा विचार सुरू झाला, भूमिपूजनाला २०१८ उजाडले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. म्हणजे जागेच्या पहिल्या विचारावेळी जन्मलेल्या मुलाला आज नोकरीला लागून काही वर्षे झाली असतील. पहिल्या विमानाला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी मिळाली, प्रवाशांनी कमळाच्या पाकळ्यांसारख्या खांबांपाशी उभे राहून फोटो काढले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत तोच आज, १३ जानेवारीला, ज्यांच्या नावाचा आग्रह या विमानतळासाठी वर्षानुवर्षे धरला गेला त्या दि. बा. पाटील यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. तारखांचा हा योग कुणी जुळवून आणलेला नाही. पण आला आहे तर मुंबईच्या विमानतळांचा हिशेब त्याच्या उजेडात मांडायला हरकत नाही. प्रवासी आणि विमाने यांची बेरीज होतच असते. आम्हाला येथे मांडायचा आहे तो हिशेब पाण्याचा आणि जमिनीचा.

तो सुरू होतो जुहूपासून. १९२८मध्ये जुहूच्या किनाऱ्यालगत, भरतीचे पाणी जिथवर येई अशा चिखलट मैदानावर विमाने उतरू लागली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या छोट्या ‘पुस मॉथ’ विमानाने निघाले. अहमदाबादला थांबले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. तिथून ते जुहूला उतरले आणि पुढचे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासकडे नेले. भारतातल्या नागरी विमानसेवेची ही सुरुवात शाळेच्या पुस्तकात असते. तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. पावसाळा लागला की जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि हा सगळा संसार उचलून पुण्याला न्यावा लागे. पाऊस सरला की पुन्हा जुहू. कोकणातला शेतकरी मृगाआधी घर शाकारून घेतो, त्याच समजुतीने त्या काळचे वैमानिक पावसाळ्याआधी घाट चढत. पाण्याशी भांडण करायचे नाही, त्याला वाट द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे, एवढे त्यांना मैदानाने शिकवले होते.

दुसऱ्या महायुद्धाने हे शहाणपण मागे टाकले. ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला पक्क्या धावपट्ट्या वापरात आणल्या आणि युद्ध संपल्यावर नागरी वाहतूक जुहूहून तिकडे हलली. दोन्ही विमानतळ इतके जवळ, की वरून पाहणाऱ्याची फसगत व्हावी. झालीही. १९५३मध्ये एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले आणि काही दिवसांनी ते हलके करून तिथून उडवावे लागले. १९७२मध्ये एका जपानी कंपनीचे डीसी-८ अगदी तसेच जुहूला उतरले, पट्टी ओलांडून पुढे गेले आणि पुन्हा उडण्याच्या स्थितीत राहिले नाही. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. जुहू आज फक्त हेलिकॉप्टरांचे आणि छोट्या विमानांचे आहे. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामाला जाणारी माणसे तिथूनच समुद्रावर जातात.

सांताक्रूझला १९५८मध्ये प्रवाशांची इमारत उभी राहिली. दोन दशकांत तीही अपुरी पडली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पलीकडच्या बाजूला, सहारला, आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी नवे टर्मिनल आले. सांताक्रूझ आणि सहार ही दोन्ही जुन्या वस्त्यांची नावे. १९९९मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, २०१८मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. तरीही जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘सहारला सोडायला जायचंय’ हेच वाक्य येते. रिक्षावाला मात्र आता ‘टी-वन की टी-टू?’ एवढेच विचारतो.

सहार हे कोकणासाठी नुसते टर्मिनल नव्हते. आखाती देशांत तेलाचा पैसा वाहू लागला आणि खेड, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धनकडचे तरुण फिटर, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून जाऊ लागले. ज्यांनी तेव्हाची सहारची रात्र पाहिली आहे त्यांना ती विसरता येणार नाही. एका माणसाला निरोप द्यायला भाड्याच्या मेटॅडोरमधून पंधरा माणसे येत. आत फक्त प्रवासी जाई, बाकीची मंडळी लोखंडी कठड्याला चिकटून काचेपलीकडे पाहत राहत. सुतळीने आवळलेला पुठ्ठ्याचा खोका, त्यावर जाड अक्षरांत नाव आणि ‘दुबई’ किंवा ‘कुवेत’. काउंटरवर वजन जास्त भरले की तो माणूस खोका उचलून बाहेर येई, कठड्याशी बसून सुतळी सोडी आणि एकेक पुडी परत देई. कुळथाचे पीठ परत, सुकट परत, आमसुलांची बरणी परत. आई त्यातली एखादी पुडी पुन्हा गुपचूप त्याच्या हातातल्या पिशवीत कोंबी. मग तो शेवटचा आत जाई आणि दार मिटल्यावरही ती पंधरा माणसे तिथून हलत नसत. गावात सिमेंटची घरे झाली, बहिणींची लग्ने झाली, मशिदी-देवळांचे जीर्णोद्धार झाले, त्यातल्या कित्येक पैशांचा उगम या कठड्यापाशी आहे. विमानतळाच्या सोयींची यादी करताना हा कठडा कुणी धरत नाही. पण शहराबाहेरच्या महाराष्ट्राने विमानतळ म्हणून पाहिला तो हाच.

२०१४मध्ये त्या सहारच्या जागी नवे टी-टू आले. १० जानेवारीला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्घाटन केले, पुढच्या महिन्यात विमाने सुरू झाली. मोरपिसाऱ्याची आठवण करून देणारे छत, त्यातून झिरपणारा उजेड आणि सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतींवर ‘जय हे’ या नावाने मांडलेल्या देशभरच्या पाच हजारांहून अधिक कलावस्तू. जगातल्या फार थोड्या विमानतळांवर प्रवाशाला इतके काही पाहायला मिळते, हे मान्य केलेच पाहिजे. वर्षाला चार कोटी प्रवासी हाताळण्याची या टर्मिनलची आखणी होती. पण इमारत वाढवता येते, जमीन नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी व्यवहारात एकीचाच उपयोग होतो. तेवढ्यात ५ जून २०१८ रोजी एका दिवसात १,००३ विमानांची ये-जा करून दाखवली गेली, म्हणजे दीड मिनिटाला एक विमान, किंबहुना त्याहून थोडे अधिकच. नियंत्रण मनोऱ्यात बसलेल्या माणसांच्या कौशल्याला दाद द्यावी तेवढी थोडी. मात्र हा विक्रम जितका कर्तबगारीचा तितकाच कोंडीचा होता. २०२४-२५मध्ये या एका विमानतळावरून साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी गेले-आले.

या कोंडीच्या चहूबाजूंनी माणसे राहतात. सहार मार्गावरच्या पंचतारांकित हॉटेलांच्या सावलीतली अण्णावाडी हे त्याचे एक उदाहरण. अमेरिकन पत्रकार कॅथरीन बू यांच्या पुस्तकामुळे ती जगाला ठाऊक झाली. ही वस्ती वसली १९९१मध्ये, तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांनी. ते मजूर कशासाठी आणले होते? विमानतळाच्या धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी. काम संपले, माणसे शेजारच्या दलदलीत भराव टाकून राहिली आणि पुढे विमानतळाच्या जमिनीवरचे ‘अतिक्रमण’ ठरली. धावपट्टी नीट करणारे हात धावपट्टीच्या आड येणारे कधी झाले, याची तारीख कोणत्याच कागदावर सापडणार नाही.

पाण्याचा हिशेब मात्र तारखेनिशी चुकता झाला. विहार आणि पवईच्या तलावांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी विमानतळाच्या वाटेत येत होती. विमानतळ वाढत गेला तसे नदीला काटकोनात वळवण्यात आले, धावपट्टीखालून काढण्यात आले, भिंतींत आवळण्यात आले. बाकीच्या शहरानेही तिच्या काठांवर भराव टाकले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, वर समुद्राला भरती. मिठी आपल्या जुन्या वाटेने परतली. धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या, विमानतळ बंद पडला, कुर्ला आणि कलिना बुडाले आणि महाराष्ट्राने शेकडो माणसे गमावली. जुहूवरून पुण्याला जाणाऱ्या त्या जुन्या वैमानिकांना जे कळले होते ते सत्तर वर्षांनी संपूर्ण शहराला एका रात्रीत शिकावे लागले.

हे सगळे आठवायचे कारण नवी मुंबईचा विमानतळ जिथे उभा आहे ती जागा. उलवे आणि पनवेलच्या खाडीलगतचा हा मुलूख म्हणजे खाजण, मिठागरे, तिवरांची जंगले आणि मधोमध टेकडी. येथल्या आगरी समाजाचे नावच आगरावरून, म्हणजे मिठाच्या शेतावरून आलेले. समुद्राला बांध घालायचा, उघाडीतून भरतीचे पाणी आत घ्यायचे किंवा अडवायचे, खारट जमिनीत भात पिकवायचा आणि खाडीतला जिताडा, बोईट, निवट्या टोपलीत आणायच्या, हे इथले पिढ्यांचे शास्त्र. बांध कुठे फुटेल आणि कधी, हे भरतीच्या आवाजावरून सांगणारी माणसे इथे होती. साध्या भाषेत सांगायचे तर पाण्याशी कसे राहायचे याचे ज्ञान असलेला हा प्रदेश होता.

११६० हेक्टरांवरच्या विमानतळासाठी सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली गेली. तिच्याच दगडमातीने सखल भाग भरून वर आणला. उलवे नदीची वाट बदलली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे, वरचे ओवळे अशी दहा गावे-पाडे उठले. पर्यावरण मंजुरी २०१०मध्ये मिळाली ती बऱ्याच वादानंतर आणि अटींसह. भरावाचे काम सुरू झाल्यावर शेजारच्या पारगाव-डुंगी परिसरात पावसाळ्यात घरांत पाणी शिरू लागल्याच्या तक्रारी झाल्या, त्यांचीही दखल यंत्रणेला घ्यावी लागली. हे सारे करून जे उभे राहिले ते अभियांत्रिकीच्या दृष्टीने थक्क करणारे आहे यात वाद नाही. पहिल्या टप्प्यात ३,७०० मीटरची एक धावपट्टी, वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता असलेले टर्मिनल, आराखडा झाहा हदीद यांनी स्थापन केलेल्या संस्थेचा. सगळे टप्पे पूर्ण झाले की दोन समांतर धावपट्ट्या आणि वर्षाला नऊ कोटी प्रवासी. येथे धावपट्ट्या एकमेकींना छेदणार नाहीत, म्हणजे मुंबईची जुनी कोंडी येथे नाही. अटल सेतूमुळे दक्षिण मुंबई जवळ आली, उरणकडे जाणारी लोकल शेजारून धावते. पुणे, रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या प्रवाशाला आता विमानासाठी सायनच्या कोंडीत घड्याळ पाहत बसावे लागणार नाही. मंडणगडहून येणाऱ्या त्या खोक्याचा प्रवास कितीतरी सोपा होईल. एवढ्या जमेच्या बाजू नाकारणे हा करंटेपणा ठरेल.

पण जमेबरोबर खर्चाची बाजूही लिहायची असते आणि ती लिहिताना दि. बा. पाटलांचे नाव टाळता येत नाही. जासईच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा वकील शेतकरी कामगार पक्षाचा. पाच वेळा पनवेलचा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेता. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. जमीन शेताच्या दराने जाणार आणि विकली जाणार शहराच्या दराने, हे गणित दि. बां.नी लोकांना समजावून सांगितले. जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात आंदोलन पेटले. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जन्मशताब्दीच्या या आठवड्यातच त्यांचेही स्मृतिदिन येतात. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचे सूत्र निघाले. ज्याची जमीन घेतली त्याला नुकसानभरपाईखेरीज संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. विमानतळासाठी हेच प्रमाण पुढे साडेबावीस टक्क्यांवर गेले. भूसंपादनाच्या भारतीय इतिहासात या सूत्राचे मोल मोठे आहे. शेतकऱ्याला एकदाच रोख देऊन दाराबाहेर काढण्याऐवजी वाढत्या शहरात भागीदार करायचा विचार त्यात होता.

नावाची मागणी उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. २०२१च्या जूनमध्ये मानवी साखळी आणि त्याच महिन्यात, दि. बां.च्या स्मृतिदिनी, सिडको भवनावर झालेले आंदोलन यांना भावनेची धार होती, पण त्यामागे हिशेबाची जाणीवही होती. जमीन आमची, आणि आमचा माणूस त्या जमिनीच्या भावासाठी लढला, एवढे तरी पाटीवर लिहा, असे ती गर्दी म्हणत होती. राज्य मंत्रिमंडळाने आणि नंतर विधिमंडळाने २०२२मध्ये त्याला मान्यता दिली. नावाचा अंतिम शब्द केंद्राचा असतो. विमाने उडू लागली त्या दिवशी फलकावर मात्र ‘नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ’ एवढेच होते. सत्तेतले आणि विरोधातले सगळेच पक्ष ज्या नावाला होकार देतात त्या नावाला वेळ लागण्याचे काही कारण नाही.

तरी आमच्या मते नाव हा या हिशेबाचा शेवट नाही, पहिली ओळ आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा अनुभव सांगतो की महाराजांच्या नावाची पाटी लागल्याने शेजारच्या झोपडीचा प्रश्न सुटला नाही आणि मिठीही थांबली नाही. म्हणून नव्या विमानतळाकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली, साडेबावीस टक्क्यांचा हिशेब गावनिहाय जाहीर करावा. कोणत्या गावातल्या किती कुटुंबांना भूखंड मिळाला, त्यावर प्रत्यक्ष घर किती जणांनी बांधले आणि किती जणांनी तो बिल्डरला विकला, हे सरकारला ठाऊक नसेल तर काढता येईल. दुसरी गोष्ट नोकरीची. ज्यांच्या शेतावर धावपट्टी आहे त्यांची मुले ठेकेदाराकडे सामान ढकलण्यापुरतीच राहू नयेत. विमानदुरुस्ती, मालवाहतूक, अग्निशमन आणि हवाई नियंत्रण यांच्या प्रशिक्षणाची दारे पनवेल-उरणमध्येच उघडली पाहिजेत. सिडको या प्रकल्पात २६ टक्क्यांची भागीदार आहे. तेव्हा हे काम सरकारच्या हाताबाहेरचे नाही.

तिसरी अपेक्षा पाण्याची आणि तीच आम्हाला सर्वांत मोठी वाटते. वळवलेली उलवे नदी आणि खाडीची भरती यांची पातळी पावसाळाभर रोज लोकांसमोर मांडावी, आणि ती मोजायला खाडीत जन्म गेलेली माणसेही घ्यावीत. संगणकावरच्या आराखड्याला पाणी किती येईल हे कळते. पण कुठून येईल आणि कुठल्या बांधाला आधी रेटेल, हे ज्यांच्या आजोबांनी उघाड्या राखल्या त्यांनाही विचारावे. पारगाव किंवा डुंगीत एखाद्या घरात गुडघाभर पाणी आले, तर ती तक्रार समजू नये, ती सूचना समजावी.

टर्मिनलच्या आतला प्रवासी हे काही पाहणार नाही, आणि त्याने पाहावे अशी अपेक्षाही नाही. तो चेहरा दाखवून आत जाईल, बॅग पट्ट्यावर ठेवेल, कॉफी पिईल, विमानात चढेल. विमान वळले की त्याच्या खिडकीतून खाली खाडीचा एक तुकडा दिसेल, तिवरांची हिरवी कड दिसेल आणि तिच्यापलीकडे एखाद्या बांधावरून जाळे टाकणारा माणूसही दिसेल. त्या माणसाला मात्र जूनची वाट आहे. मृगाचे पहिले पाणी नव्या वाटेने जाते की जुन्या, हे धावपट्टीवरच्या कुणाही आधी त्याला कळणार आहे.